मोटारसायकलचा श्वास : एअर फिल्टर बदलण्याचा एक पाठ

बुलेट चालविणाऱ्या दहा जणांना विचारा, की एका लिटरमध्ये तुमची गाडी किती जाते. दहाही जण चटकन आकडा सांगतील, आणि त्यातले चौघे तरी तो थोडा वाढवून सांगतील. त्याच दहा जणांना पुढे विचारा, की त्या एका लिटरबरोबर गाडी हवा किती पिते. बहुधा एकही उत्तर येणार नाही. पेट्रोल विकत घ्यावे लागते, म्हणून त्याचा हिशेब आपण ठेवतो. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा ठेवीत नाही. जुन्या मोटारसायकलींची बरीच दुखणी ह्या न ठेवलेल्या हिशेबातून निर्माण होतात. एअर फिल्टर बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण ते का करायचे आणि नेमके कशासाठी करायचे, हे कळल्यावाचून केले तर नवा फिल्टर बसवूनही इंजिन बिघडते. असे एक इंजिन मी स्वतः बिघडविले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

माझे घर पांढुर्ण्याचे. आपल्या अंकाच्या बऱ्याच वाचकांना हे गाव दूरचे वाटेल, म्हणून दोन शब्द. नागपूरहून बैतूलच्या रस्त्याने निघाले, की शंभरेक किलोमीटरवर पांढुर्णा लागते. सौंसर हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. दोन्ही गावे मध्य प्रदेशात, पण घरात आणि बाजारात बोली मराठी. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. संत्र्याच्या बागा, कापूस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार आणि सौंसरजवळचा जामसावळीचा मारुती, ही आमच्याकडची प्रसिद्ध गोष्टींची यादी. पण मोटारसायकलच्या दृष्टीने पाहिले तर आमच्याकडे आणखी एक गोष्ट मुबलक आहे. ती म्हणजे धूळ.

एक लिटर पेट्रोल, एक टँकर हवा

प्रथम हवेचा हिशेब करू. गणित सोपे आहे. विज्ञान शाखेच्या नसलेल्या विद्यार्थ्यांनीही ते करून पाहावे.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे एका लिटरसाठी जवळजवळ ११ किलो हवा हवी. ३० अंश सेल्सिअस तापमानाला १ घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१६ किलो भरते. भागाकार केला, की साडेनऊ घनमीटर येतात. आमचा भाग समुद्रसपाटीहून उंच असल्याने हवा थोडी विरळ. तेव्हा ढोबळमानाने १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर धरू. उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा जो मोठा टँकर येतो तो साधारण एवढाच असतो. एक लिटर पेट्रोलमागे एक टँकर हवा, असे लक्षात ठेवावे.

जुनी ३५० ची बुलेट लिटरला ३३ किलोमीटर जाते असे धरले, तर पांढुर्ण्याहून नागपूरला पोचेपर्यंत ती तीन टँकर हवा पिते.

हे उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळून पाहता येते. ह्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. त्यावरून घनफळ ३४६ घन सेंटिमीटर येते, आणि ३५० हे नाव त्यावरूनच पडले. ताशी ६० च्या वेगात इंजिन मिनिटाला सुमारे २,८०० फेरे करते असे धरू. चार टप्प्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा श्वास घेते. म्हणजे मिनिटाला १,४०० श्वास. प्रत्येक श्वास पुरेपूर भरला, तर मिनिटाला ४८४ लिटर आणि १०० मिनिटांत सुमारे ४८,००० लिटर हवा आत जाईल. पण सपाट रस्त्यावर आपण थ्रॉटल पूर्ण उघडीत नाही, म्हणून श्वास साठेक टक्केच भरतो. पुन्हा तीन टँकर, किंचित कमी. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे जुळली, की हिशेबावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

धूळ किलोमीटरने मोजता येत नाही

आता ह्या हवेत धूळ किती? आपल्या देशात २००९ साली ठरविलेल्या मानकानुसार, १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण १ घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. ही झाली बऱ्यापैकी हवा. अशा हवेतून नागपूरला गेले, तर ३० घनमीटर हवेबरोबर ३ मिलिग्रॅम धूळ येईल. चिमूटभरसुद्धा नाही.

आता दुसरे चित्र पाहू. बागेतून संत्री भरून निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागे, कच्च्या रस्त्यावर, आपण दहा मिनिटे अडकलो आहोत. पुढे जाण्यास जागा नाही आणि समोरचे दिसत नाही. इंजिनांच्या चाचण्यांत ‘समोरचे काहीच दिसत नाही’ इतक्या धुळीसाठी १ घनमीटरला सुमारे १ ग्रॅम हे प्रमाण धरतात. गाडी हळू चालली आहे, म्हणून इंजिनाला मिनिटाला १५० लिटरच हवा लागते असे धरू. दहा मिनिटांत दीड घनमीटर हवा आणि दीड ग्रॅम धूळ.

३ मिलिग्रॅम आणि १,५०० मिलिग्रॅम! ट्रॅक्टरमागच्या त्या दहा मिनिटांत फिल्टरवर जेवढी धूळ आली, तेवढी बऱ्या हवेच्या डांबरी रस्त्यावर येण्यास ५०,००० किलोमीटर लागले असते. आमचे गृहीत धरलेले आकडे दहापटीने चुकले असे मानले, तरी ५,००० किलोमीटर होतातच.

गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर अमुक किलोमीटरला साफ करावा व अमुक किलोमीटरला बदलावा असे छापलेले असते. तो आकडा सर्वसाधारण रस्त्यासाठी असतो. वरचे गणित सांगते, की फिल्टरचे वय किलोमीटरने नव्हे, तर त्याने खाल्लेल्या धुळीने मोजावयास हवे. ज्याची वाट रोज एक कोस कच्च्या रस्त्यावरून जाते, त्याने पुस्तिकेतील आकडा निम्म्याने किंवा त्याहून कमी करावा.

सौंसरची धूळ आणि पांढुर्ण्याची धूळ

सगळी धूळ सारखी नसते. पांढुर्ण्याकडील जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणावरची, काळी कापसाची माती. ह्या मातीतील चिकणमातीचा भाग मऊ असतो, पण तिच्याखालच्या मुरमात टणक कण असतात आणि कच्च्या रस्त्यावर तोच मुरूम पसरलेला असतो.

सौंसरकडे गोष्ट निराळी आहे. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘सौंसर श्रेणी’ हे नाव ऐकलेच असेल. मँगनीजसाठी नावाजलेल्या ह्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांच्या गटाला आमच्या सौंसरचेच नाव दिलेले आहे. त्यांच्यातील ‘गोंडाइट’ ह्या खडकात गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट ही दोन खनिजे मुख्य असतात. आता कठीणपणाची मोहसची मोजपट्टी आठवा. चाकूचे पाते साधारण ५.५ वर येते. गारगोटी ७ वर आणि गार्नेट ६.५ ते ७.५ वर. सुताराच्या पॉलिश कागदावर जे लाल कण असतात ते पुष्कळदा गार्नेटचेच असतात. अशा खडकांची धूळ इंजिनात जाऊ देणे म्हणजे सिलिंडरला आतून पॉलिश कागद घासण्यासारखे आहे.

आणि हे कण किती मोठे? केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. दट्ट्याची रिंग आणि सिलिंडरची भिंत ह्यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो काही मायक्रॉनांचाच. त्या थरापेक्षा पुष्कळ लहान कण तेलाबरोबर वाहून जातात. पण ५ ते २० मायक्रॉनांचे कण थराच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकतात आणि ओरखडा काढतात. शिवाय दट्ट्या अॅल्युमिनियमचा, मऊ. टणक कण त्यात रुतून बसतो आणि मग प्रत्येक धावेबरोबर भिंत घासत राहतो. डोळ्यांना न दिसणारी धूळच इंजिनाला मारक ठरते, ती ह्यामुळे.

ह्याच्या उलट गोष्ट कापसाची. हंगामात, गाड्या भरून कापूस जिनिंगकडे जाऊ लागला, की रस्त्याच्या कडेला पांढरे तंतू उडतात आणि फिल्टरवर त्यांची गादी बसते. फिल्टर उघडणाऱ्याला ती पाहून धसका बसतो. तंतूंनी फिल्टर तुंबतो हे खरे, पण ते इंजिन घासत नाहीत. मुरमाची बारीक धूळ मात्र कागदाच्या घड्यांत शिरून बसते आणि वरून फिल्टर ‘तसा बराच चांगला’ दिसतो. दिसण्यावर भरवसा ठेवू नये, हा इथला धडा.

फिल्टर ही नुसती चाळणी नव्हे

फिल्टर म्हणजे बारीक भोकांची चाळणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. मोठे कण चाळणीप्रमाणे अडकतात. मध्यम कण वेगाने येतात, हवा धाग्याला वळसा घालून जाते, पण जड कणाला तितक्या चटकन वळता येत नाही, म्हणून तो धाग्यावर आपटून चिकटतो. काही कण धाग्याच्या अगदी जवळून जाताना त्याला घासून अडकतात. आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता धाग्याला लागतात. म्हणून कागदाच्या भोकांहून लहान कणही फिल्टरमध्ये अडकतात.

ह्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. अगदी कोरा फिल्टर सर्वांत चांगला गाळत नाही. थोडी धूळ बसली, की त्या धुळीचाच एक थर गाळणीचे काम करू लागतो आणि फिल्टर अधिक चांगला गाळतो. पुढे मात्र तो तुंबू लागतो आणि हवेला अडथळा होतो. तेव्हा दर आठवड्याला फिल्टर काढून झटकण्याची सवय चांगली नव्हे. प्रत्येक वेळी पेटी उघडली, की बाहेरची धूळ आतल्या स्वच्छ बाजूला पडण्याचा धोका असतो. झटकताना कागदाच्या घड्या फाटतात, तो आणखी वेगळा तोटा.

फिल्टर तुंबला हे कसे ओळखावे? हवा कमी मिळाली, की कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि पेट्रोल प्रमाणापेक्षा अधिक ओढले जाते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना आपण चोक ओढतो. तुंबलेला फिल्टर म्हणजे दिवसभर अर्धा ओढून ठेवलेला चोक. प्लगवर कोरडी काळी काजळी धरते, नळीतून काळसर धूर येतो, चढावर गाडी दमते आणि लिटरमागचे किलोमीटर घटतात.

आता त्या प्रसिद्ध सल्ल्याविषयी. आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर तो हमखास मिळतो : “काढून टाका न सर तो फिल्टर, गाडी कशी मोकळी पयते पाहा!” गाडी काही दिवस मोकळी पळल्यासारखी वाटते, हे खोटे नाही, विशेषतः आधीचा फिल्टर तुंबलेला असेल तर. पण कार्ब्युरेटरची जेट फिल्टरचा अडथळा धरूनच ठरविलेली असते. अडथळा गेला, की मिश्रणात हवा जास्त होते, इंजिन अधिक तापते आणि मागे फटफट वाजते. कार्ब्युरेटरने कधी उलटी ज्वाला फेकली, तर ती अडविण्यास मध्ये काही राहात नाही. आणि टँकर-टँकर हवा धुळीसकट सरळ सिलिंडरात जाते.

दोन टप्प्यांच्या इंजिनात तर हे अधिकच घातक. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी ठाऊक असेलच. तो कारखाना १९९६ साली बंद झाला, पण त्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. येझदीत हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरात जाण्याआधी क्रँकच्या पेटीतून जाते. म्हणजे गाळल्याशिवाय आलेली धूळ सिलिंडरच्याही आधी क्रँकच्या बेअरिंगना भेटते.

माझी चूक

वर म्हटलेली हकीकत आता सांगतो. आमच्या घरी वडिलांची ३५० ची बुलेट आहे, जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची. तशी इंजिने २०१० च्या सुमारास निघायची बंद झाली. वडील तिच्यावरून बागेत जात, सौंसरच्या बाजाराला जात, आणि मी सुटीत गेलो, की ती माझ्या ताब्यात असे. एका सुटीत मी नवा फिल्टर आणला, अंगणात बसून स्वतः बदलला आणि जुना कचऱ्यात टाकला. वर्गात गाळणक्रियेवर तास घेणाऱ्या माणसाला हे काम कितीसे अवघड!

पुढच्या सुटीत गेलो तेव्हा गाडी निळा धूर टाकत होती आणि तेल पीत होती. मिस्त्रीने हेड उतरविले. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते आणि वरच्या टोकाशी, जिथे पहिली रिंग येऊन परतते, तिथे बोटाला लागेल अशी पायरी पडली होती. मिस्त्रीने फिल्टर काढून उजेडात धरला, मग फिल्टरकडून कार्ब्युरेटरला जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरविले आणि ते मला दाखविले. बोट तांबूस मातीने भरले होते.

“फिल्टर तं कोरा करकरीत हाये सर,” तो म्हणाला, “पण हवा त्याच्यातून गेलीच नाई.”

झाले होते असे. फिल्टरच्या बुडाशी रबराची एक चकती असते. ती जुन्या फिल्टरला चिकटून निघाली आणि त्याच्याबरोबरच कचऱ्यात गेली. नव्या फिल्टरखाली मी चकती घातलीच नव्हती. धातूवर धातू बसला आणि कडेला एक फट राहिली.

फट केवढी असावी? १ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब धरू. म्हणजे २० चौरस मिलिमीटर. त्या गाडीच्या कार्ब्युरेटरचा घसा २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे ४५० चौरस मिलिमीटर. फट घशाच्या साडेचार टक्के भरते. समजा, हवाही साडेचार टक्केच फटीतून गेली. चांगला कागदी फिल्टर शंभरातले ९९ भाग धूळ अडवितो. त्यातून १ भाग आत जातो. फटीतून साडेचार भाग सरळ आत जातात. एका नखाएवढ्या फटीने इंजिनात जाणारी धूळ पाचपटीहून अधिक झाली. आणि फिल्टर जसजसा तुंबत जातो, तसतशी हवा फटीची सोपी वाट अधिकच धरते.

सिलिंडर बोअर करावा लागला, मोठा दट्ट्या घालावा लागला. भिंतीची जाडी मर्यादित असल्याने बोअर ठराविक वेळाच करता येतो. त्यातली एक वेळ मी वाया घालविली. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “ती चकती केवढ्याची होती रे?”

तेव्हापासून मी एअर फिल्टरविषयी एकच सूत्र सांगतो : फिल्टर नवा आहे की जुना हा दुसरा प्रश्न; हवेला फिल्टरखेरीज दुसरी वाट नाही ना, हा पहिला प्रश्न.

प्रत्यक्ष कृती

फिल्टर कागदी असेल, स्पंजाचा असेल किंवा तारेच्या जाळीचा असेल. तो कोणत्या झाकणाआड आहे हे गाडीगाडीवर अवलंबून असते. पण कामाचा क्रम बहुतेक गाड्यांत हाच राहतो.

१. गाडी मधल्या स्टँडवर, वारा नसलेल्या जागी उभी करावी. इंजिन थंड होऊ द्यावे आणि पेट्रोलचा नळ बंद करावा.

२. झाकण उघडण्यापूर्वी त्याच्या भोवतालची सर्व धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. बरेच लोक आधी उघडतात आणि मग पुसतात. धूळ तेव्हाच आत पडते.

३. निघालेले स्क्रू, वॉशर आणि चकत्या वर्तमानपत्रावर निघाल्या त्याच क्रमाने मांडाव्यात. बसविताना उलट्या क्रमाने उचलावे, म्हणजे चूक होत नाही.

४. फिल्टर हळूच, न झटकता बाहेर काढावा. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या तोंडात लगेच स्वच्छ फडका खोचावा. फडका रंगीत आणि मोठा असावा, म्हणजे तो आत विसरला जाणार नाही.

५. आता रुमालाची कसोटी. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून नळीच्या आतल्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला फिरवावा. रुमाल स्वच्छ निघाला तर उत्तम. मातकट निघाला तर कुठे तरी फट आहे. ती सापडेपर्यंत नवा फिल्टर घालण्यात अर्थ नाही. तेलकट काळपट डाग मात्र वेगळा. काही गाड्यांत इंजिनाचा वाफारा फिल्टरच्या पेटीत सोडलेला असतो, त्याचा तो असू शकतो. चिमटीत चोळून पाहावे. खरखर लागली तर धूळ.

६. पेटी आतून ओल्या फडक्याने पुसावी. फुंकू नये, फुंकलेली धूळ नको तिथे जाऊन बसते.

७. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून उंची, व्यास आणि रबराच्या कडा ताडून पाहाव्यात. जुनी चकती कुठे आहे ते शोधावे. ती पेटीलाच चिकटून राहिली असेल तर काढावी. एकावर एक दोन चकत्या बसल्या तरी फट पडते. चकती कडक झाली असेल किंवा तिला चिरा असतील, तर नवी घ्यावी.

८. फिल्टर आणि कार्ब्युरेटर ह्यांच्यामधली रबरी नळी दोन्ही हातांनी वाकवून पाहावी. सरळ असताना न दिसणाऱ्या चिरा वाकविल्यावर उघडतात. उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांत हा दोष फार आढळतो. दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट असाव्यात.

९. खोचलेला फडका काढावा. फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचे पुसटसे बोट फिरवावे आणि फिल्टर सरळ बसवून, सगळीकडून सारखा दाबून, स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने आवळावेत.

१०. पाचशे किलोमीटरनंतर एकदाच उघडून रुमालाची कसोटी पुन्हा घ्यावी. काम नीट झाले की नाही ते तेव्हाच कळते.

नवा फिल्टर मिळेपर्यंत जुना साफ करून घालावयाचा असेल तर कागदी फिल्टरला पाणी, रॉकेल किंवा तेल लावू नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर, लांबून सोडावी. टायर भरणाऱ्याच्या नळीचे तोंड कागदाला टेकविले तर कागद फाटलाच म्हणून समजावे. मग अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत बॅटरी लावून पाहावे. उजेड सगळीकडून मंद यावा. एखाद्या ठिकाणी ठिणगीसारखा ठिपका चमकला, तर तिथे भोक आहे; तो फिल्टर टाकून द्यावा.

स्पंजाचा फिल्टर रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि तेलात बुडवून, न पिळता दोन्ही तळहातांत दाबून जादा तेल काढून बसवावा. पेट्रोलने धुऊ नये. आगीचा धोका असतो आणि स्पंजाचे सांधेही सुटतात. तेल न लावलेला स्पंज बारीक धूळ अडवू शकत नाही, कारण कण चिकटण्यासाठी तेलच हवे.

शेवटी

आमच्याकडे गावात नवा माणूस आला, की तो आधी कुठून, कोणत्या वाटेने आला ते विचारतात. फिल्टर बदलताना हवेलाही तोच प्रश्न विचारावा. एका टँकरमागून दुसरा टँकर असा हवेचा लोंढा वर्षानुवर्षे त्या लहानशा तोंडातून आत जात असतो, आणि त्याला थोपवून धरणारी वस्तू म्हणजे कागदाच्या काही घड्या आणि रबराची एक चकती. वडिलांची बुलेट आजही चालते. दर सुटीत मी तिची पेटी उघडत नाही. पण उघडतो तेव्हा खिशात पांढरा रुमाल असतो.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या मोटारसायकलच्या सिलिंडरचा व्यास व दट्ट्याची धाव शोधून घनफळ काढा. ती महाविद्यालयापासून तुमच्या गावापर्यंत किती हवा घेते?

२. वरच्या उदाहरणातील फट अर्धीच, म्हणजे १० चौरस मिलिमीटर असती, तर इंजिनात जाणारी धूळ किती पट झाली असती?

३. तुमच्या गावाभोवतीच्या खडकांत व मातीत कोणती खनिजे आहेत? त्यांतली कोणती मोहसच्या मोजपट्टीवर चाकूच्या वर येतात?

४. फिल्टर वापरून मळला, की काही काळ अधिक चांगला गाळतो. मग तो बदलायचाच कशाला? कारणासह उत्तर द्या.